झुंबरबाईला मोटर लागते

झुंबरबाईला न्यायला नेपाळातून विमान आलं होतं, हे आमच्या वडनेरात तुम्हाला अजूनही कोणीही सांगेल. सांगणारा बदलला की विमान बदलतं. पिठाच्या गिरणीवाले वामनराव सांगतात तेव्हा ते नांदुऱ्याच्या स्टेशनामागच्या पडीक वावरात उतरतं, आणि त्याचा आवाज वामनराव स्वतःच्या घशातून काढून दाखवतात. तो हुबेहूब त्यांच्या गिरणीचा असतो, शेवटी पट्टा सुटल्याची फडफड धरून. शेजारच्या शालूबाई सांगतात तेव्हा विमानातून दोन शिपाई उतरतात, टाचा जुळवतात आणि म्हणतात, "चलो दाईजी, सरदारसाबकी बहू अडेली हय." शालूबाई कधी भुसावळच्या पुढे गेल्या नाहीत, पण त्यांच्या तोंडचा शिपाई मोठा रुबाबदार वाटतो. मग झुंबरबाई ढगांतून काठमांडूला जाते, सरदाराच्या सुनेला सोडवते, मुलगा होतो (सगळ्यांच्या गोष्टीत मुलगाच होतो), आणि विमान तिला परत आणून सोडतं.

यातलं विमान खोटं. सरदार, त्याची सून आणि तो मुलगाही खोटा. नेपाळात झुंबरबाईनं कोणाचंही बाळंतपण केलं नाही. ती तिथे गेली हे मात्र खरं. गेली ती रेल्वेनं, मग टांग्यानं, मग आणखी लहान रेल्वेनं आणि शेवटी ट्रकनं. गावाला विमान उडवावं लागलं ते या शेवटच्या ट्रकापायी. झुंबरबाई ट्रकात बसून डोंगर चढली, हे कोणाला पटेना, कारण झुंबरबाईला मोटर लागते हे वडनेरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

मी आता खामगावला कॉलेजात आहे. वसतिगृहातल्या मुली म्हणतात, कर ना तुझ्या त्या झुंबरबाईचा आवाज. मी करते, त्या लोळून हसतात, आणि मला मात्र एकदम सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, ओल्या जुड्यांचा वास येतो. आवाज माझ्या तोंडात राहिलाय, पण तो कुठून आला हे त्या मुलींना कसं कळणार. म्हणून ही हकीकत नीट लिहून काढते आहे.

झुंबरबाई नाल्याकाठच्या मळ्यात राहायची. जातीनं माळी, मळ्यात वांगी, मिरच्या, सांभार. आणि गावातली निम्मीअर्धी पोरं तिच्या हातावर आलेली, मीसुद्धा. म्हणून आम्ही सगळे तिला झुंबरमाय म्हणायचो आणि मोठी माणसं दाई म्हणायची. ती बोलायची ते "मंग काय" पासून सुरू करून "तं बाप्पा" पर्यंत. मधे कितीही मोठी गोष्ट असो, ही दोन टोकं पक्की. आजूबाजूच्या गावांत कोणाला कळा लागल्या की तिथून दमणी यायची, पळत्या बैलांची, घुंगरं वाजवत. दमणीवाला आवाज द्यायचा तोवर ही आडवाटेनं निम्म्या रस्त्याला लागलेली असायची. चालण्यात तिच्याशी बैलांनी बरोबरी केली नाही. आता त्या दमण्या गेल्या, एस.टी. वेशीपर्यंत येते, आणि माणसं सडकेवर उभी राहून एस.टी.ची वाट पाहतात.

मोटरीचं मात्र तिचं वैर. नुसता पेट्रोलचा वास आला तरी पदर नाकाला जायचा. एकदा भाच्याच्या लग्नाला ती एस.टी.नं खामगावला गेली, म्हणजे सरळसोट सपाट रस्ता, तर तिकडे पंगती उठल्या तरी ही मांडवामागच्या बाजेवर आडवी. शेवटी नवरदेव-नवरीनं बाजेपाशी येऊन नमस्कार केला. हा प्रसंग मी करायची तेव्हा माझी मायसुद्धा पोळ्या सोडून हसायची.

अशा बाईला परदेशात जायची वेळ आणली ती सोजराबाईनं.

सोजराबाई म्हणजे झुंबरबाईची जिवाची मैत्रीण, आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहणारी. तिचा नातू प्रल्हाद जन्मला तेव्हा रडलाच नाही. झुंबरबाईनं त्याला उलटा धरला, चोळला, थोपटला, तोंडात फुंकर घातली, आणि तेवढ्या वेळात दाराबाहेर सोजराबाईनं नवस बोलून टाकला, की पोरगा रडू दे, माझ्या अंगणातल्या बेलाची पानं मी नेपाळातल्या पशुपतीला महाशिवरात्रीच्या दिवशी माझ्या हातानं वाहीन. पोरगा रडला. इतक्या लांबचा देव का धरला असं कोणी विचारलं तर सोजराबाई म्हणायची, जवळच्या देवाले वेळ लागला असता. पण दोन वर्षांत तिचीच कंबर गेली, पाय उचलेनात. प्रल्हाद छातीचा नाजूक, सारखा खोकायचा, आणि प्रत्येक खोकल्यागणिक सोजराबाईला तो न फेडलेला नवस ऐकू यायचा.

महाराष्ट्र होऊन चार वर्षं झाली होती त्या साली आमच्याकडचे मोठे जमीनदार उत्तमराव यांनी पशुपतीची यात्रा काढली. बाया-माणसं मिळून बारा-पंधरा जण. झुंबरबाई सोजराबाईकडे गेली, अंगणातली पानं तोडली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि म्हणाली, तुहे हात मी नेते. सोजराबाईनं एवढंच विचारलं, की रस्त्यात मोटर लागली तर. झुंबरबाई म्हणाली, लागली तं लागली.

प्रवासाचं सगळं मी तिच्या पडवीत ऐकलेलं, दुपारी, मिरच्यांचे देठ खुडता खुडता, दहा वेळा तरी. नांदुऱ्याहून भुसावळ, तिथून बनारस, बनारसहून लहान रुळांची गाडी थेट हद्दीवरच्या रक्सौलला. रेल्वे तिला कधी लागली नाही, कारण तिच्या मते रेल्वे मुकाट्यानं सरळ जाते, मोटरीसारखी मनात येईल तिकडे तोंड फिरवत नाही. रक्सौलला टांगा. टांगेवाल्याशी तिचं भांडण झालं, घोडा उपाशी आहे म्हणून. मग नेपाळची रेल्वे. ती एवढीशी, की आपली जलंब-खामगाव गाडी तिच्यापुढे कलेक्टर वाटावी. जंगलातून झुकझुक करत तिनं सगळ्यांना अमलेखगंजला उतरवलं. रेल्वे तिथे संपते. पुढे डोंगर आणि डोंगरावरून काठमांडूपर्यंत मोटरीची सडक. म्हणे आता ती लहान रेल्वेही बंद झाली. ऐकलं तेव्हा मला उगीच वाईट वाटलं, मी ती कधी पाहिलेली नसूनही.

अमलेखगंजला ट्रकांची रांग लागलेली आणि माणसांचा गोंगाट. उत्तमरावांनी दोन ट्रक ठरवले, एक बायांचा, एक बाप्यांचा. झुंबरबाईनं गाठोडं काखेला मारलं आणि ट्रककडे पाहून मनातल्या मनात पशुपतीला दोन शब्द सुनावले. तेवढ्यात तिच्या कानावर हाक आली.

"दाई! ओ दाई!"

ती थांबली. दुसरीकडून आणखी एक. मग तिसरीकडून. चहूकडून माणसं दाई, दाई म्हणून ओरडत होती. आता आमच्या गावात दाईला अशी हाक येते ती एकाच कामासाठी. झुंबरबाईला वाटलं, या गर्दीत कुठेतरी बाई अडली आहे. आणि अशी हाक कानावर पडली की तिला मोटर, यात्रा, उत्तमराव, काही सुचत नसे. त्यातला सगळ्यात घाईचा आवाज धरून ती पळाली. रांगेच्या पार टोकाला एक तरणा माणूस एका ट्रकच्या पुढ्यात उभा राहून हाका मारत होता. हिनं बाह्या सारल्या, त्याला बाजूला केलं आणि आमच्या वऱ्हाडी हिंदीत विचारलं, की बाई किदर हय. तो म्हणाला, कौन बाई. ही म्हणाली, जो अडेली हय वो. मग ट्रकच्या पोटाखालून तेलानं माखलेला एक माणूस सरकत बाहेर आला, भरगच्च मिशांचा, आणि म्हणाला, "दाई तो मैं हूं."

"मंग काय," झुंबरबाई सांगायची, "म्या त्याले वरून खालपर्यंत पाह्यलं. म्हनलं देश परका हाये, इथं मिशीवाल्या दाया असतीन, आपन कोन बोलनार, तं बाप्पा."

तो ट्रकचा ड्रायव्हर होता. तिकडे दाई म्हणजे मोठा भाऊ. दुकानदार असो, हमाल असो, ड्रायव्हर असो, ज्याला मान द्यायचा त्याला दाई म्हणायचं. हे त्यानं तिला समजावलं, तिनं आपल्याकडची दाई कोण ते त्याला समजावलं, तो बिचारा मिशीसकट लाजला, आणि एवढ्या वेळात उत्तमरावांचे दोन्ही ट्रक निघून गेले. बायांना वाटलं झुंबर बाप्यांच्या ट्रकात जागा मिळून बसली. बाप्यांना वाटलं बायांत असेल.

आता उद्याचा दिवस सोडला की परवा महाशिवरात्र. झुंबरबाईनं त्या ड्रायव्हरलाच विचारलं, वर जायच्या किती तऱ्हा. त्यानं सांगितल्या. जवळच्या गावाहून विमान जातं, पण ते साहेबलोकांचं. डोलीवाले आहेत, चौघांच्या खांद्यावरून नेतात, पण ते जुन्या पायवाटेनं, आणि शिवरात्र हुकेल. पायी जाता येतं, त्याच वाटेनं, पण शिवरात्र तेव्हाही हुकेल. उरला ट्रक. त्याचा स्वतःचा ट्रक मिठाची पोती घेऊन सकाळी निघणार होता. झुंबरबाईनं तीनतीनदा पायी वाटेचंच विचारलं. तीनतीनदा त्यानं मान हलवली.

सकाळी त्यानं तिला पुढे आपल्या शेजारी बसवलं. पहिल्या वळणाला तिनं डोळे मिटले. दुसऱ्याला पदर तोंडाशी नेला. त्यापुढचं ती सांगत नसे, नुसता हात झटकायची. बरंच वर गेल्यावर एका झऱ्यापाशी ट्रक थांबला तशी ती उतरली, दगडावर बसली आणि म्हणाली, तू जाय बाबू, मी येते पायी. त्यानं बोट वर केलं. सडक डोंगरावर नववारीच्या निऱ्यांसारखी एकावर एक घातलेली होती आणि वरचा काठ ढगात होता. झुंबरबाईनं गाठोड्यातलं फडकं सोडून पाहिलं. पानांच्या कडा काळपट व्हायला लागलेल्या. तिनं त्यांच्यावर झऱ्याचं पाणी शिंपडलं आणि तशीच बसून राहिली.

ड्रायव्हरनं ट्रकचं दार उघडलं, सीटवर हात थोपटला आणि म्हणाला, "बस्नुस्, आमा, बस्नुस्."

त्यांच्या भाषेत ते म्हणजे बसा, आई, बसा. झुंबरबाईला ऐकू आलं, बस नुस्ती. परक्या मुलखात, ढगाच्या तोंडाशी, एक मिशाळ माणूस तिला वऱ्हाडीत सांगत होता, की तुला काही करायचं नाही, नुसती बस. ती मला सांगायची, की हे ऐकून तिला हसू आलं आणि हसता हसता रडूही आलं, कारण अडलेल्या बायांना ती स्वतः हेच तर सांगत आली होती. घाबरू नको, तुले काही करा लागत नाई, जे व्हायचं ते होते, तू दम धर.

ती चढून बसली. ट्रक निघाला, वळण आलं, पोटातून उमाळा उठला, वाढला, आणि वळण सरलं तसा ओसरला. मग सरळ तुकडा. मग पुन्हा वळण. झुंबरबाईच्या ध्यानात आलं, की ही चाल तिच्या ओळखीची आहे. अशीच येते, चढते आणि जाते. तिनं डोळे उघडले, पुढच्या वळणावर नजर लावली आणि मोठ्यानं म्हणाली, "कय आली, दम धर."

आमच्याकडे कळ म्हणत नाहीत, कय म्हणतात. वळण गेलं तशी म्हणाली, "कय गेली, दम सोड." तोंडानं लांब फूऽऽ. पुन्हा वळण. कय आली. पुन्हा फूऽऽ. ड्रायव्हर आधी दचकला, मग हसला, मग चाक फिरवता फिरवता तोच म्हणायला लागला, कय आली. त्याचा उच्चार मी चांगला बसवला आहे, त्यात आली चा ली डोंगर चढतो. मिठाच्या पोत्यांवर बसलेल्या माणसांनीही ते वरून उचललं. अशा रीतीनं तो ट्रक बाळंतिणीसारखा कण्हत, फुंकत हिमालय चढला, आणि झुंबरबाईला पुन्हा मोटर लागली नाही. अगदी वरच्या खिंडीत ढग फाटले तेव्हा ड्रायव्हरनं तिला बर्फाचे डोंगर दाखवले. ती म्हणाली, खामगावच्या जिनात सरकी काढल्यावर रुईचे ढीग पडतात तसे दिसत होते, फक्त त्यांच्यावर कोणी बसलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती पशुपतीला पोचली. काठमांडूत सायकलरिक्षा होत्या, पण माणसानं माणसाला ओढावं हे तिला रुचलं नाही. ज्या बाजूला गर्दी चालली होती तिच्या मागे चालत गेली. रांगेत उभी राहिली. पानं वाहताना देवाला मोठ्यानं सांगितलं, की हे हात वडनेरच्या सोजराचे आहेत आणि पोराचं नाव प्रल्हाद, लक्षात ठेव. उत्तमरावांची मंडळी त्या माणसांच्या समुद्रात तिला दिसली नाहीत. तीन-चार दिवसांनी त्याच ट्रकमधून, तशीच फुंकत, ती खाली उतरली, आणि पुढे दिसेल त्याला नांदुरा, नांदुरा विचारत एकटी घरी आली.

घरी आली तेव्हा तिची हकीकत आधीच येऊन बसली होती, उत्तमरावांच्या तोंडून. बाईमाणूस मागे सोडून आलो असं म्हणायची उत्तमरावांना लाज वाटली असणार. ते प्रत्येक वाक्य "विषय असा हाये का" नं सुरू करायचे, गळ्याखाली हनुवटी दाबून. विषय असा हाये का, बाईनं डोंगर पाह्यला अन् हाय खाल्ली. विषय असा हाये का, तिले मोटर लागते हे आपल्याले ठावच हाये, ती ठेसनावरच बसून राह्यली असंन. झुंबरबाईनं आणलेला रुद्राक्ष दाखवला तर म्हणाले, विषय असा हाये का, रुद्राक्ष तं रक्सौललेही भेटते.

झुंबरबाई वाद घालत बसली नाही. सोजराबाईकडे गेली. सोजराबाईनं विचारलं, पानं वाह्यली का. वाह्यली. मोटरीत बसून गेली का. हाव. उत्तमरावांचं बोलणं सोजराबाईच्याही कानावर गेलेलं होतं. ती म्हणाली, थकली असशीन, जाय घरी. ती आजवर झुंबरबाईला चहाशिवाय जाऊ देत नसे.

त्यानंतर झुंबरबाई रोज जायची, पण आत न जाता पायरीवर बसायची. आतून प्रल्हाद खोकला की सोजराबाई बोलता बोलता थांबायची. जिनं जन्मभर गावाची पोरं झेलली तिला खोटारडी म्हणवेना, आणि ती मोटरीत बसली हे पटेना, अशा कोंडीत गावानं मग ते विमान काढलं. वामनरावांनी आणि शालूबाईंनी ते प्रेमानंच उडवलं. सोजराबाईला मात्र त्यानं काही दिलासा मिळाला नाही. विमान खोटं, तर पानं वाहिली हे तरी खरं कशावरून, असं तिला वाटत असणार.

एका दुपारी मी झुंबरबाईच्या पडवीत मिरच्या खुडत तिलाच उत्तमराव करून दाखवत होते. विषय असा हाये का. ती पोट धरून हसली. म्हणाली, हनुवटी आनखी दाब. मग मी हनुवटी सोडून माझ्या आवाजात म्हणाले, "पन झुंबरमाय, मोटर तुले लागतेच न वं. मी पैज लावते, बुलढान्याच्या घाटात तू उलटी केल्याबिगर राहात नाईस."

ती हसायची थांबली. हातातली मिरची तिनं टोपलीत टाकली.

"काय लावशीन?" तिनं विचारलं.

मी म्हणाले, तू म्हनशीन ते. ती म्हणाली, ती हरली तर स्वतः सोजराबाईला जाऊन सांगेल की डोंगर चढले नाही. मी हरले तर काय, ते तिनं सांगितलं नाही. तेव्हा मला इतकी खात्री होती, की मी विचारलंही नाही.

बुलढाण्याला माझी मावशी राहते, त्यामुळे मायनं जाऊ दिलं. नांदुऱ्याहून मोताळ्यावरून बुलढाण्याची एस.टी. मी मुद्दाम मागच्या चाकावरची जागा धरली, जिथे उलटी न होणाऱ्यालाही होते. पैज म्हणजे पैज. मोताळ्यापर्यंत झुंबरबाई कंडक्टरशी वांग्यांच्या भावावर बोलत होती. राजूर गेलं, घाट लागला. मी तिच्या तोंडाकडे डोळे लावून बसले, आत्ता पदर जाईल, आत्ता जाईल. ती समोरच्या वळणाकडे पाहत होती आणि ओठ गोल करून फूऽऽ करत होती, अगदी सावकाश, गरम दुधावर करावी तशी.

तिच्या तोंडाकडे पाहायच्या नादात मी खिडकीबाहेर पाहिलंच नव्हतं. तिसऱ्या की चौथ्या वळणाला माझ्या पोटात काहीतरी फिरलं. मी म्हणाले, काही नाई. पुढच्या वळणाला काही नाई म्हणायलाही तोंड उघडवेना. झुंबरबाईनं एका हातानं माझं कपाळ धरलं, दुसऱ्यानं खिडकीची काच खाली केली आणि सगळ्या एस.टी.ला ऐकू जाईल असं म्हणाली, "कय आली पोरी, दम धर." पुढच्या बाकावरचा एक म्हातारा घाबरून उठला, कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला, आणि ड्रायव्हरनं मागे वळून विचारलं, की किती महिने भरले. बाकीचं मीही सांगत नाही. नुसता हात झटकते.

बुलढाण्याच्या स्टँडवर मी ओल्या पदरानं तोंड पुसत बसले होते आणि ती ताठ उभी होती, शेतातून आल्यासारखी. मी म्हणाले, हरली मी. सांग काय करू.

"सोजराले जाऊन सांग," ती म्हणाली. "अन् सोंग नाई कराचं. माहा आवाज नाई, उत्तमरावाचा नाई. तुह्या आवाजात सांगजो."

मला ते फार जड गेलं. मला माझा आवाज फारसा वापरायची सवय नव्हती. दुसऱ्या दिवशी गावात परतल्यावर मी सोजराबाईच्या बाजेपाशी जाऊन उभी राहिले. प्रल्हाद तिच्या उशाशी खेळत होता. झुंबरबाई मागे पायरीवर बसली. मी कोणाचीही नक्कल न करता सांगितलं, की घाटात मी पाहिलं, हिला मोटर लागली नाही, मला लागली, पैज मी हरले. एवढंच. आवाज मधेच फाटला, पण तो माझाच होता.

सोजराबाईनं मान वळवून दाराकडे पाहिलं आणि म्हणाली, "तथी काऊन बसली वं झुंबर, आत ये. चहा मांड, अन् ते सारं पयलेपासून सांग, ट्रकातलं."

झुंबरबाई आत आली. चुलीपाशी बसली. जरा वेळानं प्रल्हाद खोकला, आणि सोजराबाई बोलायची थांबली नाही. माझ्याकडे पाहून तिनं नाक मुरडलं.

"हिच्यासंगं पैज लावते का कोनी," ती म्हणाली. "मले पयलेच ठाव होतं, तू हरशीन."